मायची सुरी आन् हॉटेलची मशीन

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट सांगतो. आमची माय रामदासपेठेतल्या एका हॉटेलात स्वयंपाक करायची. हॉटेल बंद झालं, तेव्हा मालकानं तिले मटणाचे पातळ काप करायची जुनी मशीन देऊन टाकली. आमच्या एका खोलीच्या घरात त्या मशीननं अर्धी जागा खाल्ली.

बाबा म्हणाले, "राहू दे वं घरी. कागदासारखे काप निघतात. हातानं जमते का तसं?"

मायनं उकडलेल्या मटणाचा एक काप मशीनवर काढला, दुसरा सुरीनं, आन् दोन्ही खिडकीशी धरले. सुरीच्या कापातून बाहेरचा उजेड दिसून राहिला होता, मशीनच्या नाही.

बाबा हळूच म्हणाले, "उद्या भंगारात देऊन टाकतो."

"भंगारात काहून जी? चांगली चालते. ज्याले हातानं जमत नाही, त्याले द्या."