उन्हात ठेवलेली डबी

श्रवणयंत्राच्या दुकानात बाकावर बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकावंच लागत होतं. म्हाताऱ्यांचं यंत्र बंद होतं, त्यामुळे दोघंही ओरडत होती.

"बाबा, हळू बोला."

"हळूच बोलतोय. यंत्राच्या डबीतली चार्जिंगची चिप तू बनवलीस आणि तीच बिघडली, हे मी कुणालाही सांगणार नाही."

"आता सगळ्या दुकानाला कळलं."

"गल्लीभर मिरवलं गं मी! आता काय तोंड दाखवू?"

"डबी चार्जिंगला कुठे लावली होती?"

"खिडकीत. आधी चांगली उन्हात तापवली."

"तापवली?"

"टॉर्चचे सेल नाही का, ऊन दाखवलं की पुन्हा चालायचे!"

"अहो, ही बॅटरी तापलेली असताना भरली तर पेटेल. म्हणून चिप ती भरूच देत नाही. आता गार झालीय. ताई, तेवढी प्लगला लावता?"

शिक्षिकेनं डबी लावली. हिरवा दिवा लागला.

"म्हणजे बिघडली नव्हती?"

"नाही. तुम्हाला नाही म्हणाली."

"मला?"

"तुम्हालाच."

म्हातारे उठून काउंटरकडे वळले.

"आमचा नंबर दुसऱ्याला द्या हो! घरात मला नाही म्हणायची हिंमत हिचीच. चिपही तशीच बनवलीय!"