'सुंता' या नोंदीवरून झालेल्या आरडाओरडीबाबत

नाव: नोंदवहीत घेतले आहे (कचेरीत सगळे अनुस्वारताई म्हणतात). वय ५७ वर्षे. व्यवसाय: मुद्रितशोधन. राहणार: छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी एकोणीस वर्षांपासून घरगुती आरोग्यकोशाच्या कचेरीत कामाला आहे. कचेरी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कोशाचे लेखक दोघे सख्खे भाऊ. थोरले निवृत्त सर्जन, वय ७१. धाकटे शाळेत भाषा शिकवत असत, वय ६६. मी त्यांना अनुक्रमे डॉक्टर व सर म्हणते.

आज सकाळी अकराच्या सुमारास 'सुंता' ही नोंद शेवटच्या वाचनाला निघाली. दुपारी दोनला पाने छपाईला जायची होती. डॉक्टरांनी लिहिले होते, 'ही एक किरकोळ व हितकारक शस्त्रक्रिया आहे.' सरांनी ते खोडून 'संमतीविना केलेले अंगच्छेदन' असे लिहिले. डॉक्टरांनी तेही खोडले. तिसऱ्या फेरीला कागद फाटला. त्यानंतर दोघांचे आवाज चढले, ते असे:

"अंगच्छेदन म्हणे! वाचणाऱ्याला वाटेल हातपाय तोडतात. काप ते!"

"मी कापू देणार नाही."

"अरे, एवढंसं तर आहे! कापलं तर काय बिघडतं?"

"ज्याचं कापतात त्याला विचार!"

"अनुस्वारताई, धरा त्याला घट्ट! मीच कापतो!"

'त्याला' म्हणजे फाटक्या कागदाला. डॉक्टरांच्या हातात फक्त लाल पेन होते.

शेवटचे वाक्य ऐकून खालच्या शिंप्याने ठाण्याला फोन केला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही केला असता. पोलीस येईपर्यंत तो लोखंडी गज घेऊन जिन्यात उभा होता.

हवालदारसाहेबांनी आत येऊन विचारले, "कोणाचं कापलंय?" डॉक्टर म्हणाले, "अजून कोणाचंच नाही." त्यामुळे गैरसमज वाढला. मी कागद दाखवल्यावर तो मिटला. हवालदारसाहेब खुर्चीत बसले आणि पोटभर हसले.

मग त्यांनी सरांना विचारले, की एका शब्दापायी एवढा तमाशा कशाला? सर म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो, हा अकराचा. वडिलांनी दोघांची एकाच सकाळी करून घेतली. हा पठ्ठ्या आठवडाभरात झाडावर चढला. आपलं काही गेलं असं त्याला कधी वाटलंच नाही. मला वाटतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"फार दुखलं होतं का रे तुला?"

"दुखणं विसरलो. कोणी विचारलं नाही, ते नाही विसरलो."

"साठ वर्षांत बोलला नाहीस कधी?"

"कोश आजच 'स'पर्यंत आला ना."

यावर सगळेच हसले. डॉक्टर शेवटी हसले.

त्यानंतर मी नवा कागद घेतला आणि दोघांच्या समोर लिहिले: 'शिश्नाच्या टोकावरील त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया. ती कोणी धर्म म्हणून, कोणी रीत म्हणून, तर कोणी वैद्यकीय कारणाने करतात. तिचे फायदे-तोटे आणि लहान मुलाच्या संमतीचा प्रश्न यांवर मतभेद आहेत.' डॉक्टर म्हणाले, फायदे आकड्यांनिशी द्या. सर म्हणाले, धोकेही तसेच द्या, आणि विरोध कोण करतं तेही लिहा. दोन्ही घातले. दोघांनी सह्या केल्या. पावणेदोनला पान गेले.

कोणालाही इजा झालेली नाही. निघताना जिन्याच्या तोंडाशी डॉक्टर रोजच्यासारखे पुढे झाले, थबकले आणि मागे वळून सरांना म्हणाले, "तू आधी उतरतोस का?" सर म्हणाले, "नको, तू हो पुढे." मी हे एकोणीस वर्षांत प्रथमच ऐकले.

हा जबाब मला वाचून दाखवला व मी स्वतःही वाचला. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आहेत. बाकी मी सांगितले तसेच उतरले असून ते खरे आहे.