सरकीचं तेल आणि दहाव्याचा कावळा

मंडळी, एक सांगा. संशय घेणं पाप आहे का? नाही? मग घरातलं माणूस गेलं, की सगळा संशय एकाच माणसावर का जातो? ऐका तर!

आमच्याकडच्या केरबाची बायको गोदा पोटाच्या कॅन्सरनं गेली. कशानं झाला? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. पण शेजारच्या शेषरावाला सांगता येत होतं! "केरबा, सरकीचं तेल! बीटी कापसाचं! बोंडअळी मरते, तिथं माणूस काय टिकणार?"

केरबाला पटलं. माझी गेली त्याला दोन वर्षं होतील, मला ठाऊक आहे — अशा वेळी काहीही पटतं.

आता ते तेल कोण काढायचं? गोदाचा सख्खा भाऊ, अंबादास! त्याची तेलाची गिरणी!

दहाव्याला सगळे नदीवर. पिंड ठेवला. माहेरचा घास भावानं ठेवायचा, म्हणून अंबादासनं बहिणीच्या आवडीची मिरचीची भजी ठेवली. कावळा आला. बघितलं. मान वाकडी केली... आणि जागचा हलेना!

शेषराव ओरडला, "बघा! पाखराला कळलं!"

झालं! केरबा लाल! "अंबादास, तुझं ताट उचल अन् नीघ! परत माझ्या दारात येऊ नको!"

"दाजी, माझी बहीण आहे हो ती..."

"म्हणूनच विष दिलंस?"

ताट घेऊन निघाला बिचारा. तेवढ्यात केरबाची लेक मनीषा आडवी आली. कृषी विद्यापीठात शिकलेली.

"बाबा, बीटीत अळीला मारतं ते एक प्रथिन असतं. शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ उरतच नाही. अन् खाण्यासाठी मंजूर झालेल्या अशा पिकांनी माणसाला अपाय झाल्याचा पुरावा इतक्या वर्षांत मिळालेला नाही."

"कंपनीनंच तपासलं असंल! ती स्वतःचं वाईट सांगंल?"

वा, केरबा! मंडळी, हा प्रश्न सोडू नका! विचारायलाच पाहिजे!

मनीषा म्हणाली, "बरोबर आहे. म्हणूनच कंपनीबाहेरच्यांनीही तपासलं, वेगवेगळ्या देशांत. उद्या नवं वाण आलं तर त्याची तपासणी वेगळी मागा. मीही मागंन! पण शेषकाकांना कोणी तपासलं?"

"म्हणजे?"

"मामाच्या तेलाचा डबा तुम्हीच घराबाहेर अंगणात ठेवायला लावलात. भजी मी तळली. शेषकाकांच्या घाण्यावरच्या करडईच्या तेलात!"

हो! शेषरावाचाही तेलाचा घाणा! हे सांगायचं राहिलंच माझं. त्याचंही राहिलंच होतं!

सगळ्यांच्या माना वळल्या. शेषराव म्हणतो कसा — "अगं पोरी, कावळ्याचं काय एवढं मनावर घेतेस!"

हसू नका! केरबा हसला नाही. त्यानं पिंडाकडं बघितलं. "मग ती गेली कशानं गं?"

"डॉक्टरांनाही ठाऊक नाही, बाबा," मनीषा म्हणाली. केरबा मेव्हण्याकडं वळून म्हणाला, "अंबादास, ठेव तुझा घास."

त्यानं ठेवला. लोक मागं सरले. कावळा शिवला! भजी तीच, तेल तेच. आता म्हणू नका गोदा तृप्त झाली — गर्दी हटली म्हणून आला असेल!

तर मंडळी, संशय घ्या. कंपनीवर घ्या, सरकारवर घ्या, माझ्यावरही घ्या! पण सांगणाऱ्याचा घाणा कुठं आहे, तेही बघा. आणि उत्तर सापडत नाही म्हणून कोणाला दाराबाहेर काढलं असेल, तर आज घरी जाताना वाटेत त्याचं घर लागेल. थांबा तिथं.