कंपौंडरच्या दारापर्यंत

(भरवेलीजवळची खाण-मजुरांची वस्ती. दुपार. आत अनुसयाचं प्रेत आहे, भोवती बायका. ओसरीवर तिचा नवरा महागू बसला आहे. तिचा मोठा भाऊ भोजराज किरनापुरावरून आत्ताच सायकलनं आला आहे.)

भोजराज: ...वावरात होतो मी. तुमचा माणूस बांधावरूनच ओरडला, अनुसया गेली म्हणून. मले वाटलं दुसरी कोणती अनुसया असंल.

महागू: काल दिवस बुडता गेली जी.

भोजराज: झालं काय होतं पण? परवा बजारात भेटली मले. वांगे निवडून राह्यली होती. म्हणे, दादा, सायकलीले घंटी बसव, तू मांगून येतं तं भेव लागते.

महागू: काल सकाळपासून हागवण अन् उलट्या. दुपारलोग तं डोळे खोल गेले.

भोजराज: पोरीले, शीलाले कळवलं?

महागू: हौ. तिरोडीवरून निंगली असंल. तिचा नवरा हाय संगं. चारच्या मोटारीनं येतीन.

भोजराज: माय पाहाले पोरीनं असं या लागते. अन् कंपौंडरले नाई बलावलं काय? सडकेवर तो गुणाकर हाय ना?

प्रेमलाल: बलावलं ना दादा. रामराम. मी प्रेमलाल, महागूभाऊच्या टोळीतला. भाऊ गेलता. गुणाकर आलाच नाई. म्हणे, तुम्हारी बस्ती में मैं नहीं आता. सीधा बोल दिया.

भोजराज: असं म्हनला?

प्रेमलाल: बाहेर पाहा, वीस जन उभे हायेत. माती झाली का तिथूनच त्याच्या दवाखान्यावर जातो. आज एक शिशी साबूत नाई ठेवत त्याची.

भोजराज: तुमच्या हातातल्या शिशा कायच्या हायेत?

प्रेमलाल: हे... खांदा देणाऱ्यायसाठी. मसनातून आलं का घोट घोट द्या लागते. इथला रिवाज हाय. नाई दिली तं पुढच्या बारीले कोणी खांद्याले येत नाई.

भोजराज: आत माही बहीण पडली हाय अन् तुमी मोहाची घेऊन आले.

प्रेमलाल: मी नाई बनवला रिवाज, दादा.

भोजराज: राहू द्या. जवाई, मले सांगा, गुणाकर नेमकं काय बोलला? दवाखाना फोडून काय होते. मी ठाण्यात लिहून देतो. दोन गवाह लागतीन.

प्रेमलाल: मी हावो ना गवाह.

भोजराज: तुमी थांबा जरा. मी जवायाले विचारून राह्यलो.

महागू: मले काही सुचत नाई जी.

भोजराज: बरं. मंग आंधी तिचं करू. हे लुगडं घ्या. हिरवं हाय. माहेरचं नेसवूनच न्या लागते. बायायले द्या, अन् नेसवून झालं का कुंकू तुमी लावा. नवऱ्याच्या हातानंच लागते ते.

महागू: माह्या हातानं नोको.

भोजराज: काहून?

महागू: दुसऱ्या कोणाले लावाले सांगा.

भोजराज: सव्वाशीण गेली ते. नवरा जिता असून दुसरा काहून लावंल?

महागू: मी गेलोच नाई जी. गुणाकरकडे.

प्रेमलाल: महागूभाऊ, चल बाहेर. तुले भान नाई हाय.

महागू: भान आज हाय. काल नव्हतं. तू तं बाजूलेच बसला होता, प्रेमलाल.

भोजराज: कोठं?

महागू: कलारीत. गुणाकरच्या दवाखान्याच्या अलीकडेच पडते. तिनं मले दवा आनाले धाडलं. सुट्टी होती. मी सीदा निंगालो, तुमची आन. मंग म्हनलं, एक गिलास घेतो अन् हिम्मत करून जातो.

भोजराज: कंपौंडरले बलावाले हिम्मत लागते?

महागू: मले लागते. मांगच्या महिन्यात गोट्याखाली बोट आलं तवा गेलतो. बाकावर बसलो तं साऱ्यायसमोर म्हणे, ए, उठ, वास येते तुहा, बाहेर बस. वासाचं खोटं नव्हतं जी. पण तवापासून त्या दाराकडे पाय उचलत नाई. बाबू माणसासमोर सुद्दीत असलो का जीभ चिकटते माही. पेलो का बोलता येते.

भोजराज: मंग?

महागू: एक पेलो. वाटलं, अजून नाई येणार बोलता. मंग दुसरा पेलो.

भोजराज: मंग आलं बोलता?

महागू: हौ. तिथंच बोललो. साऱ्यायले सांगतलं, बायको लय बिमार हाय माही. सारे अरेरे म्हनले. एकानं मले तिसरा भरून देला.

भोजराज: कोणं?

प्रेमलाल: मीच, दादा.

भोजराज: अन् गुणाकर म्हनला ते?

प्रेमलाल: ते बी मीच जोडलं. रात्री भाऊले कोणी विचारलं तं याच्या तोंडातून शब्द निंगेना. म्हनून म्या सांगून देलं. लोकायले पटलं लगेच.

भोजराज: घरी कवा आलता तू, महागू?

महागू: दिवस कलल्यावर. तिनं आवाज ओळखला. म्हणे, आला काय कंपौंडर? मी म्हनलं, मांगून येऊन राह्यला.

भोजराज: असं सांगतलं तिले?

महागू: हौ. तं तिनं पदर सारखा केला. हात उचलत नव्हता, तरी केला. म्हणे, ते खाट झाडून ठेवा, बाबू माणूस येते, बसंल कोठं.

भोजराज: झाडली?

महागू: झाडली जी. ते दाराकडेच पाहत होती. लय वेळ.

प्रेमलाल: पाणी आनू काय, दादा?

भोजराज: नोको. महागू, आमच्या घरी कोणी शिवत नाई दारूले. मी बहीण देली तुले तवा तू बी नव्हता पेत. काहून पेतं रे?

महागू: छप्पनमधी राज्य बदललं त्या साली खाणीत लागलो. बारा वर्सं झाले. गोटे फोडून हात वर नव्हता जात, तं मुकादमच म्हणे, घे थोडी, उद्या कामावर ये. तवा बरं वाटे. आंगाचं नाई म्हणत मी, मनाचं. हाटेलात आपला कप बाहेर खिळ्याले टांगला राह्यते, आपणच धुवा लागते. कलारीत साऱ्यायचा एकच गिलास. कोणी पुसत बी नाई. मंग घरी सुद्दीत जाले शरम वाटाले लागली. आता काहून पेतो मले बी ठाव नाई.

भोजराज: ते काही म्हणत नव्हती?

महागू: पह्यले म्हणे. मंग माहं जेवण झाकून ठेवे.

भोजराज: बाहेर जाय. वीस जन उभे हायेत, त्यायले सांग.

महागू: आता?

भोजराज: माती उचलाच्या आंधी. नाई तं लुगडं वापस नेतो मी.

महागू: प्रेमलाल, ते शिशी दे इकडे. एक घोट फक्त. मंग बोलतो.

भोजराज: देऊ नोका.

प्रेमलाल: नाई देत दादा.

भोजराज: सुद्दीत सांग. जीभ चिकटली तं चिकटू दे. उभा राह्य तिथं.

महागू: ...भाऊहो. ऐका. गुणाकरबाबूचा कसूर नाई. मी... मी गेलोच नव्हतो त्याच्याकडे. त्याले ठावच नाई. मी कलारीत होतो. दवाखान्यावर कोणी जाऊ नोका.

प्रेमलाल: मी बी होतो कलारीत.

महागू: सारे खाली पाहून राह्यले, जी.

भोजराज: त्यातले किती जन होते काल तिथं?

प्रेमलाल: निम्मे तरी.

भोजराज: घे. लुगडं आत दे. कुंकू लाव.

महागू: मी लावू?

भोजराज: तूच लाव. दुसरा नवरा कोठून आनू तिले?

प्रेमलाल: या शिशा कोठं ठेवू, दादा?

भोजराज: मले नोका विचारू. जवाई, चला, ऊन उतरून राह्यलं. किती थांबाचं आता?

महागू: चारलोग थांबा लागंल जी. शीलाची मोटार येते. काल निरोप धाडला तं त्यात बलावून बी कंपौंडर आला नाई असंच सांगतलं. तिले खरं सांगाचं राह्यलं.