मागचं दार

साखर कारखान्याचे चेअरमन सर्जेराव यांची बायको शिवकन्याबाई दिंद्रुडहून एसटीनं घरी निघाल्या होत्या. मागच्या बाकावर दोन बाया रिकामे हंडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"सरूबाई, चेअरमन वळखंल का तुला?"

"कावून न्हाई? बहात्तरच्या दुष्काळात माझ्या शेजारी खडी फोडायचा. बायांना प्यायला पाणी आणल्याबिगर हातोडा धरणार न्हाई म्हणून रस्त्यात बसला. तवापासून तर लोक त्याला सर्जेराव म्हणाय लागले."

"आता कारखान्याचा बोअर बंद करा म्हणलं, तर ऐकंल?"

"त्याच बोअरनं आपली हीर आटली. लेकरं डबक्यातलं पाणी पिऊन आजारी पडलीत. ऐकावंच लागंल."

"मला लई भ्याव वाटतंय. हाकलून दिलं तर?"

"हंडे घेऊन दारातच बसू."

गाडी थांबली. उतरताना सरूबाईनं शिवकन्याबाईंनाच विचारलं, "बाई, चेअरमनचं घर कुणीकडं हाय?"

शिवकन्याबाईंनी पदर सारखा केला.

"चला माझ्यासंगं. पण पुढच्या दारात बसू नका. माणसं आली की ते मागच्या दारानं निघून जातात."