जर्मनीच्या पेपरातलं व्हायोलिन

कसबा पेठेतल्या दवाखान्यात बायडाबाई नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं.

“ऐक, तुमच्या वाद्यवृंदाच्या दौऱ्याबद्दल जर्मनीच्या पेपरात छापून आलंय. वाद्यवृंद सुरेख, व्हायोलिन तेवढं कच्चं. बघ, तुझी जागा कुणाला भरता आली नाही.”

“माझ्या जागी भाग्यश्री होती.”

“तेच म्हणतोय मी.”

“माझी विद्यार्थिनी आहे ती. नको म्हणत होती, मीच बळंच पाठवलं.”

“तुला मी कुठे अडवलं होतं?”

“छे हो! स्वयंपाकाचं कोण बघणार, एवढंच तर विचारलंत.”

“मग फोन करून समजूत घाल तिची.”

“केला. तिची आई म्हणाली, ‘घरीच आहे हो, पण तुम्हाला नाही म्हणून सांगायला सांगितलंय.’”