चिठ्ठीतले दोन आकडे

नाही नाही, केल्सी, तिथंच चुकतेस तू — ते सहाशे बारा म्हणजे इंच नव्हेत गं बाई! सहाशे बारा इंच बर्फ झाला तर तळ्यातले मासे राहायचे कुठं? तो कच्चा आकडा. बर्फातला सेन्सर एवढंच बोलतो — सहाशे बारा, सहाशे वीस. त्याला इंच कुठं कळतात? इंच आपण करायचे. प्रत्येक सेन्सरबरोबर अशी एक चिठ्ठी येते, तिच्यावर दोन आकडे — एकानं गुणायचं, दुसरा वजा करायचा — ते ह्या डब्यात भरले की किनाऱ्यावरच्या बोर्डावर इंच उमटतात, आणि ते बघून लोक ट्रक घालतात गोठलेल्या तळ्यावर. मासेमारीला, दुसरं काय. उद्यापासून हे सगळं तुझ्याकडे, म्हणून दोनदा सांगतो — ह्याची चिठ्ठी त्याला चालत नाही. एकाच खोक्यातून निघालेले, दिसायला जुळे, तरी नाही. आणि नवा सेन्सर बसवला की शेजारी बर्फात भोक पाडायचं, मोजायची टेप सोडायची, बोर्ड खरं बोलतोय का बघायचं. बोटं गळून पडेनात का — पाडायचंच. मी तेवीस वर्षं पाडलं. एकदाच नाही पाडलं. कॉफी घे, गार होतेय.

तो? भिंतीवरचा, मासा धरून उभा आहे तो? अर्लेन. माझ्या बहिणीचा नवरा. फार भित्रा — बोर्ड काही म्हणो, हा दर शंभर पावलांवर स्वतः भोक पाडणार. सगळं गाव चिडवायचं, आणि सगळ्यांत जास्त कोण? मीच. सहा वर्षं झाली बघ. जानेवारीत सेन्सर तडकला, संध्याकाळी मी नवा बसवला, थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. चिठ्ठी शर्टाच्या खिशात टाकली — घरी जाऊन भरू म्हटलं — आणि विसरलो. तुला हे का सांगतोय मी? जाऊ दे. सकाळी किनाऱ्यावर आम्ही दोघंच. अर्लेन ट्रकमधून ड्रिल काढत होता. मी म्हटलं, "बोर्ड वाचता येतो ना? पंधरा लिहिलंय. का माझ्यावर भरवसा नाही?" हसला बिचारा. ड्रिल परत ठेवलं त्यानं — नीट, फडक्यात गुंडाळून — आणि ट्रक घेऊन बर्फावर गेला.

त्या सकाळचा कच्चा आकडा सहाशे बारा. हो, तोच, तुझ्या बोटाखालचा. जुन्या चिठ्ठीनं पंधरा इंच. नव्या चिठ्ठीनं नऊ. नऊवर माणूस चालतो गं, ट्रक नाही चालत. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता — मी त्याचं चुकीचं करून सांगितलं. दुपारी अर्लेनला बर्फाखालून बाहेर काढला, आणि मी काय केलं माहितेय? घरी जाऊन शर्ट शोधला, चिठ्ठी काढली, आणि नवे आकडे डब्यात भरले. डबा इंच साठवत नाही, कच्चंच साठवतो. चौकशीवाले आले, त्यांनी डब्यातल्या नव्या आकड्यांनी त्या सकाळचे इंच काढले — नऊ. झालं. बोर्डावर नऊ असून गेला, भोकही पाडलं नाही, चूक अर्लेनची. अर्लेनची! आयुष्यभर भोकं पाडणाऱ्या माणसाची! आणि मी मान डोलावली. मार्लिस, माझी बहीण, अजून विचारते मला — "ऑरिन, नऊ दिसत होतं तरी कसा रे गेला हा? आमचा कंटाळा आला होता का त्याला?" सहा वर्षं विचारतेय. मी म्हणतो, कोण जाणे.

असं बघू नकोस. ही चिठ्ठी ठेव तू — नको कशी, तुझ्याच सेन्सरची आहे, अजून तोच आहे तळ्यात. मागची तारीख वाच. माझ्याच हातची आहे, बसवला त्या दिवसाची. मला नाही जमलं, तू तरी कुणाला... थांब. गाडी वाजली का? आज गुरुवार? अरे देवा, गुरुवारी हॉटडिश घेऊन येते ती — एकटा आहे, उपाशी राहील म्हणते. ती चिठ्ठी दे इकडे. दे म्हणतो ना! — ये गं मार्लिस, दार उघडंच आहे. ही केल्सी, माझ्या जागी आलीय. अगं, काही नाही, इंच कसे करतात ते सांगत होतो. तिच्या हातात? जुना कागद आहे गं एक, सेन्सरचा. निघालीच आहे ती. केल्सी, ऊठ ना. केल्सी —